डॅटसन २४०झेडला फायबरचे फेंडर फ्लेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांकडे आता जुनी डॅटसन आहे, नाहीतर घ्यायचा विचार चालू आहे. गाडी दारात आली की फार दिवस जात नाहीत, रुंद चाकं आणि फ्लेअर (चाकावरच्या कमानीला, म्हणजे पत्र्याच्या गोलाईला, बाहेरून लावायची रुंद कड) यांचा विषय निघतोच. तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली. सगळा मजकूर २४०झेड, म्हणजे निस्साननं डॅटसन नावानं विकलेली १९७० च्या दशकातली स्पोर्ट्स कार, समोर ठेवून लिहिला आहे. २६०झेड आणि २८०झेडचा सांगाडा त्याच घराण्यातला असल्यामुळे बराचसा भाग त्यांनाही चालेल.

हे फ्लेअर मूळचे कुठले? नंतर कुणीतरी काढलेली फॅशन आहे का?

नाही, कंपनीचेच आहेत. निस्साननं १९७१ च्या शेवटी जपानमध्ये फेअरलेडी २४०झेडजी विकायला काढली. शर्यतीत लांब नाक आणि रुंद चाकं वापरायची, तर तशी गाडी रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला विकलेली असणं नियमानं भाग होतं. त्यासाठीच ही गाडी. साध्या २४०झेडची लांबी ४११५ मिमी आणि रुंदी १६२८ मिमी, तर झेडजीची लांबी ४३०५ आणि रुंदी १६९०. म्हणजे नाकामुळे १९० मिमी लांबी वाढली आणि फ्लेअरमुळे दोन्ही बाजूंना मिळून ६२ मिमी रुंदी. एका बाजूला जेमतेम ३१ मिमी!

हा ३१ चा आकडा लक्षात ठेवा. आज 'झेडजी फ्लेअर' या नावानं मिळणारे बहुतेक संच याहून रुंद असतात. आकार झेडजीचा आणि अंगानं मात्र लठ्ठ. दिसतात छान, पण 'मूळ कंपनीसारखे' म्हणून कुणी विकत असेल तर टेप लावून बघा.

आधी फ्लेअर घ्यावेत की आधी चाकं?

चाकं. या सगळ्या लिखाणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: आधी चाक, मग कात्री, शेवटी फ्लेअर.

लोक नेमकं उलट करतात. फ्लेअर स्वस्त आणि चाकं महाग, म्हणून आधी फ्लेअर येतात. ते गाडीवर धरून रेघ मारली जाते, पत्रा कापला जातो आणि मग फ्लेअर भरतील अशा चाकांचा शोध सुरू होतो. तोवर कमान चुकीच्या जागी कापलेली असते. फ्लेअरची कड आणि टायरचा रस्ता हे दोन वेगळे आकार आहेत. सस्पेन्शन दबलं की टायर नुसता सरळ वर जात नाही, माथ्याकडून थोडा आतही झुकतो. पुढचं चाक त्यातच वळतही असतं. कुठला पत्रा आड येतो ते चाकच दाखवतं.

म्हणून टायर चढवलेली चाकं हातात हवीत. गाडीची उंची कायमची ठरलेली हवी. खाली बसवायची असेल तर आधी बसवा, कारण स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या खांबाची) गाडी खाली आली की चाकं माथ्याकडून आत झुकतात, आणि २४०झेडला कँबर (हा तिरपेपणा) जुळवण्याची सोय कंपनीनं दिलेली नाही. हे सगळं झाल्यावर स्प्रिंगा काढा, गाडी भक्कम स्टँडवर ठेवा आणि चाकाखाली जॅक लावून ते सावकाश वर न्या, पार बंप स्टॉपला (सस्पेन्शनची वरची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत. पुढचं चाक प्रत्येक उंचीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघा. जिथे बोट जात नाही तिथे खूण करा. एक शनिवार यात जाईल, जाऊ द्या.

किती रुंद चाक बसेल? ऑफसेटचा हिशेब समजत नाही.

हिशेब सोपा आहे. ऑफसेट म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून चाक हबला टेकतं त्या तोंडापर्यंतचं अंतर; तोंड बाहेरच्या बाजूला असेल तर अधिक, आतल्या बाजूला असेल तर उणे. रिमच्या रुंदीचा निम्मा आकडा घ्या आणि त्यातून ऑफसेट वजा करा. ऑफसेट उणे असेल तर अर्थातच तो मिळवला जाईल. चाक बसण्याच्या तोंडापासून रिम बाहेर किती येतं, ते यातून कळतं. आतलं अंतर काढायला निम्म्या रुंदीत ऑफसेट मिळवायचा.

उदाहरण घेऊ. सध्याचं चाक ६ इंची, शून्य ऑफसेटचं आहे. निम्मी रुंदी ७६ मिमी, म्हणून बाहेर ७६ आणि आतही ७६. नवं चाक ९ इंची, उणे १३ ऑफसेटचं घ्यायचं आहे. निम्मी रुंदी ११४ मिमी. बाहेर ११४ अधिक १३, म्हणजे १२७. आत ११४ वजा १३, म्हणजे १०१. थोडक्यात, नवं चाक आधीपेक्षा ५१ मिमी बाहेर आणि २५ मिमी आत जाणार. बाहेरच्या ५१ ची काळजी फ्लेअर घेईल. आतल्या २५ ची काळजी मात्र कुणीच घेत नाही, आणि घोटाळा होतो तो तिथेच. मूळ स्प्रिंगची खालची बशी टायरच्या माथ्याजवळ येते. उंच टायर घेतला तर तिला घासतो. म्हणूनच रुंद चाकांवाले बहुतेक जण कॉइलओव्हरकडे (शॉकभोवती बसणाऱ्या बारीक स्प्रिंगांकडे) वळतात.

बोल्टांची मांडणी चार बोल्ट, ११४.३ मिमी अशी आहे. मूळ रिम १४ इंच व्यासाचं आणि फक्त साडेचार इंच रुंद होतं, त्यावर १७५ चा टायर. आजच्या डोळ्यांना ते सायकलसारखं वाटतं. त्या टायरचा व्यास साधारण ६३५ मिमी होता. २२५/५० आर १५ टायरचा व्यास ६०६ भरतो. म्हणजे स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा चार-पाच टक्के जास्त दाखवणार. पोलिसांच्या दृष्टीनं हे बरंच आहे.

पत्रा न कापता वरून नुसते फ्लेअर लावले तर?

लावता येतात, शोभेला. पण फ्लेअरमुळे बाहेर जागा वाढते, वर वाढत नाही. चाक बाहेर आणलं की मूळ कमानीची कड बरोबर टायरच्या डोक्यावर येते. पहिल्या मोठ्या खड्ड्यात ती कड टायर कापेल. ठेवणीतली गाडी असेल, मूळ रुंदीच्या जवळपासचीच चाकं असतील आणि पुढेमागे सगळं पूर्ववत करायचं असेल, तरच हा मार्ग. तसं करतानाही पत्र्याला भोकं पडतात हे विसरू नका.

फायबरच का? लोखंडी किंवा प्लॅस्टिकचे का नकोत?

लोखंडी फ्लेअर वेल्ड करून रंगवले तर सर्वांत देखणे आणि सर्वांत टिकाऊ. पण चांगल्या डेंटरचे कित्येक दिवस त्यात जातात आणि परतीची वाट उरत नाही. एबीएस प्लॅस्टिकचे वाकतात पण तुटत नाहीत. त्यांच्यावर रंग धरवणं किचकट, आणि उन्हात ते मऊ पडतात. फायबर हलकं, स्वस्त, तासता येतं, वाढवता येतं आणि तुटलं तर घरच्या घरी दुरुस्त होतं. शिवाय साच्यातून थोडं वाकडं आलं तरी सरळ करता येतं, आणि ते वाकडं येणारच आहे.

संच चांगला आहे हे घेताना कसं ओळखायचं?

उलटा करून बघा. पुढची बाजू सगळ्यांचीच चकचकीत असते. मागे काचेचे कोरडे, पांढरट धागे दिसले तर रेझिन (धागे बांधणारं चिकट द्रव्य) कमी पडलंय. चिकट तळी साचलेली दिसली तर जास्त झालंय, आणि असा तुकडा ठिसूळ निघतो. जाडी दोन ते तीन मिमी सगळीकडे सारखी हवी. वळणांवर नाण्यानं हलकेच टकटक करत जा. आवाज पोकळ, बद्द आला की जेलकोटखाली (फायबरच्या बाहेरच्या चकचकीत थराखाली) हवेचा फुगा आहे असं समजा. रंगाच्या भट्टीत किंवा पहिल्याच उन्हाळ्यात तो फुटतो.

डावा आणि उजवा तुकडा पाठीला पाठ लावून बघा. फरक असतोच. पाच मिमीपर्यंत निभावून नेता येतं, त्याहून जास्त असेल तर परत पाठवा. स्क्रूच्या भोकांच्या खुणा आधीच कोरलेल्या असतील तर त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

गाडीला थोडासा गंज आहे. तो फ्लेअरखाली झाकला जाईल ना?

झाकला जाईल, आणि आत वाढत राहील. २४०झेडचा गंज नेमका फ्लेअरच्या जागीच असतो: मागच्या कमानीची कड, जिथे बाहेरचा आणि आतला पत्रा एकत्र येतात ती, आणि दार व मागचं चाक यांच्यामधला खालचा कोपरा. फ्लेअरचं पुढचं टोक त्याच कोपऱ्यावर टेकतं. तिथला पत्रा कुजलेला असेल तर स्क्रू धरणार कशाला? आधी कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करा. लांबी (पुट्टी) भरून तिच्यात स्क्रू पिळलेल्या गाड्या विकायला येतात. फ्लेअरला हात लावून हलवलं की कळतं.

पुढचे फेंडर कसे कापायचे?

तुलनेनं हा भाग सोपा. पुढचे फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) बोल्टांवर आहेत आणि एकाच थराचे आहेत. माझा आग्रह एवढाच की मूळ फेंडर कापू नका. ते उतरवा, जुन्या पांघरुणात गुंडाळा आणि माळ्यावर ठेवा. कापायला दुसरी जोडी शोधा, डेंट असलेली किंवा नव्यानं बनवलेली. कमानीचा भाग कापूनच जाणार असतो, मग तो खराब असला तर बिघडलं कुठे?

फ्लेअर जागेवर धरून बाहेरून रेघ मारा. खरी कापायची रेघ त्या रेघेच्या आत राहिली पाहिजे, म्हणजे फ्लेअरच्या पट्टीखाली स्क्रू धरायला पुरेसा पत्रा उरतो. स्क्रूच्या मध्यापासून कापलेल्या कडेपर्यंत निदान १२ मिमी ठेवा. पातळ चकतीच्या ग्राइंडरपेक्षा हवेवर चालणारी करवत बरी, पत्रा तापत नाही. कड कानशीनं गुळगुळीत करा, एपॉक्सी प्रायमर मारा, आणि हे त्याच दिवशी करा.

मागची कमान कापायची धास्ती वाटते. रास्त आहे का?

रास्त आहे. सगळ्या कामाचा कस इथेच लागतो, आणि फोटोत हा भाग कधीच दिसत नाही.

मागे पत्र्याचे दोन थर आहेत. बाहेरचा दिसणारा आणि आतला चाकाच्या खोलीचा. दोन्ही कमानीच्या कडेला स्पॉट वेल्डनं जोडलेले असतात. ही जोडाची कड म्हणजे गाडीच्या मागच्या अंगाची ताकद आहे, आणि पाणी-धूळ आत न येऊ देणारी भिंतही. ती कापली की दोन थर सुटे होतात आणि मध्ये फट पडते. जितकं वर कापाल तितकी फट मोठी, कारण आतला पत्रा वर जाताना आतल्या बाजूला वळतो. फट उघडी ठेवली तर चाकानं उडवलेलं पाणी थेट गाडीच्या कुशीत जाईल. दोन पावसाळ्यांत खेळ खलास. पावसाळा नसलेल्या कॅलिफोर्नियातसुद्धा गाडी धुतातच की!

माझी पद्धत अशी. आधी फक्त बाहेरचा थर कापायचा, आतल्याला धक्का न लावता. चकतीची खोली जपून, कारण बाहेरचा पत्रा एक मिमीसुद्धा जाड नाही. मग आतला थर कापताना बाहेरच्या रेघेपेक्षा खाली कापायचा, म्हणजे तिथे जास्तीचा पत्रा लोंबता राहतो. त्या लोंबत्या पत्र्याला दर २५-३० मिमीवर उभी चीर द्यायची. जिभांची रांग तयार होते. एकेक जीभ हातोडीनं बाहेर वळवून बाहेरच्या पत्र्याला आतून टेकवायची, पक्कडीनं दाबून धरायची आणि टाका मारायचा. टाके ओळीनं मारायचे नाहीत. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये, आणि दरवेळी पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. घाई केली की बाहेरच्या पत्र्यावर लाटा उठतात, आणि त्या फ्लेअरखाली लपत नाहीत, वरच्या सपाट भागात दिसतात.

वर जिथे फट जास्त असते तिथे जिभा पुरत नाहीत. ओढूनताणून भिडवू नका. पत्र्याची वेगळी पट्टी कापून तिथे वेल्ड करा. चिरांमधल्या त्रिकोणी फटीही वेल्डनंच भरायच्या. नुसत्या सीलंटवर सोडलेली फट सीलंट सुकला की परत उघडते.

हे झालं की वेल्ड तासा, एपॉक्सी प्रायमर, त्यावर ब्रशनं लावायचा सीम सीलर आणि चाकाच्या बाजूनं दगडरोधक लेप. पोकळीच्या आतून मेण फवारायला विसरू नका. वेल्डच्या उष्णतेनं आतल्या बाजूचा जुना रंग जळालेला असतो आणि तिथे ब्रश पोचत नाही.

वेल्डिंग जमत नसेल तर हा एवढा भाग बाहेरून करून घ्या. बाकी सगळं गॅरेजमध्ये घरी होतं.

वेल्डिंग करताना पेट्रोलची टाकी काढावीच लागते का?

हो. २४०झेडची टाकी मागच्या फरशीखाली आहे आणि पेट्रोल भरायचं झाकण उजव्या मागच्या पत्र्यावर, चाकाच्या मागे. अमेरिकी गाड्यांत वाफ धरणारी छोटी टाकीसुद्धा उजवीकडच्या अस्तराआड असते, आणि तिला जोडलेल्या रबरी नळ्या आता पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत. टाकी, छोटी टाकी, नळ्या सगळं बाहेर आणि गॅरेजच्याही बाहेर. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ असते.

आतलं अस्तर, गालिचा आणि फरशीला चिकटवलेले डांबराचे तक्तेही त्या भागातून काढा. डांबर पेट घेतं आणि गुपचूप धुमसत राहतं. बॅटरीची तार सोडा. मदतीला एक माणूस हवा आणि त्याच्या हातात अग्निशामक. काम संपल्यावर तासभर तिथून हलू नका.

फ्लेअर स्क्रूनं लावावेत, रिव्हेटनं, की चिकटवून एकजीव करावेत?

यावर भांडणं होतात. माझं मत स्पष्ट आहे: स्क्रू, मध्ये रबरी पट्टी, आणि फट दिसली तर दिसू द्या.

कारण निव्वळ भौतिकशास्त्राचं आहे. तापमान एका अंशानं वाढलं की पोलाद मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतं. मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि पॉलिएस्टर रेझिनचं फायबर २५ ते ३०. फ्लेअरची कमान साधारण मीटरभर धरली आणि पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ४० अंशांचा फरक धरला, तर दोघांच्या वाढीत अर्धा ते पाऊण मिमीचा फरक पडतो. हा फरक रोज पडतो. जोडावर लांबी भरून वरून रंग मारलेला असेल तर तो वर्ष-दोन वर्षांत केसासारखी रेघ दाखवतो. आधी रंगात, मग लांबीत. पुन्हा भरा, पुन्हा तडा. शर्यतीच्या गाड्यांचं ठीक असतं, त्या दर हंगामाला रंगवतात.

स्क्रूसाठी पत्र्यात एम५ चे (५ मिमी स्क्रूचे) रिव्हेट नट, म्हणजे बाहेरूनच ओढून पत्र्यात पक्के होणारे नट, बसवा. त्यांना साधारण ७ मिमीचं भोक लागतं. भोकाच्या कडेला प्रायमर लावूनच नट ओढायचा. ॲल्युमिनियमचे नट स्वस्त पडतात, पण पोलादी पत्रा आणि स्टीलचा स्क्रू यांच्यामध्ये ते गंजून अडकतात आणि पुढे स्क्रू सोडवताना नटच गरगर फिरतो. स्टीलचे घ्या. फ्लेअरमधलं भोक ६ मिमीचं ठेवा, म्हणजे फायबरला सरकायला जागा मिळते. गोल डोक्याचा स्टेनलेस स्क्रू, त्याखाली नायलॉनचा वायसर, आणि पाना हातानं फिरेल इतकाच फिरवायचा. बॅटरीच्या ड्रिलनं पिळलात तर जेलकोटवर कोळ्याचं जाळं उमटेल.

पॉप रिव्हेटही चालतात आणि जुन्या शर्यतीच्या गाड्यांना तेच शोभतात. पण दुरुस्तीला फ्लेअर काढायचा म्हणजे सगळे रिव्हेट ड्रिलनं फोडायचे.

भोकं पाडायला सुरुवात कुठून करायची?

कमानीच्या माथ्यावरून. पहिलं भोक तिथे, ३ मिमीचं, आणि त्यात पत्रा धरणारी स्प्रिंगची तात्पुरती पिन. विमानाच्या कामात वापरतात त्या क्लेको पिना यासाठी उत्तम. मग एक पुढे, एक मागे, अशी दोन्ही बाजूंनी खाली उतरत जा. एका टोकापासून सुरुवात केली की सगळा ताण दुसऱ्या टोकाला जमा होतो आणि शेवटचं भोक जुळत नाही.

चारही फ्लेअर पिनांवर चढले की दहा पावलं मागे जाऊन बघा. गाडी सपाट जमिनीवर, चाकं लावलेली. डावी-उजवी बाजू जमिनीपासून मोजून घ्या, पण शेवटचा निर्णय डोळ्यांचा. पन्नास वर्षांपूर्वीची गाडी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसतेच. कुणीही दोन्ही बाजू एकाच वेळी बघत नाही, हे आपल्या फायद्याचं.

फ्लेअर पत्र्यावर नीट बसत नाही, मध्ये फट राहते. काय करावं?

स्क्रूनं ओढून बसवू नका. ओढलेलं फायबर ताणाखाली राहतं आणि स्क्रूपाशीच तडकतं.

फट दोन-तीन मिमीची असेल तर रबरी पट्टी ती खाऊन टाकेल. जास्त असेल तर गाडीचा पत्रा चिकटपट्टीनं झाका, वर मेण लावा, फ्लेअरच्या मागच्या बाजूचा जेलकोट किंवा मेणचट थर खरवडून काढा आणि मॅट-रेझिनचे एक-दोन थर देऊन फ्लेअर पिनांवर तसाच बसवून ठेवा. सुकल्यावर काढलात की फ्लेअरची पाठ गाडीच्या अंगाला हुबेहूब जुळलेली मिळते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर एक ते दोन टक्के. १५ अंशांखालच्या थंडीत हे काम काढू नका, रेझिन दिवसभर चिकटच राहतं. आणि पॉलिएस्टरवर एपॉक्सी बसते, पण सुकलेल्या एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, हा क्रम ध्यानात असू द्या. एपॉक्सी वापरणार असाल तर मॅटऐवजी विणलेलं कापड घ्या. साध्या मॅटमधला बांधणारा डिंक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही.

कोकणात-गोव्यात फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांना हे सगळं हातचा मळ वाटेल. त्यांच्यापैकी कुणी ओळखीचं असेल तर अर्धा दिवस शेजारी बसून बघा, कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकाल.

रंगाआधी काय करायचं?

आधी धुवा, मग घासा. साच्यातून निघालेल्या तुकड्यावर मेण असतं. थेट पॉलिश पेपर मारला तर ते मेण ओरखड्यांमध्ये चोळलं जातं आणि वर कुठलाच रंग टिकत नाही. साबणाचं पाणी, मग मेण-तेल काढणारं द्रावण, त्यानंतर ३२० चा पेपर. बारीक छिद्रं दिसली की भरा. एपॉक्सी प्रायमर, सरफेसर, रंग. फ्लेअर गाडीवरून काढून रंगवा, आतल्या कडेपर्यंत. चेंडूसारख्या वळणावर फवाऱ्यानं रंग कमी पडतो, तिथे हात जरा जास्त फिरवा.

फायबरच्या धुळीनं खाज सुटते, एवढंच ना?

खाज हा त्यातला किरकोळ भाग. धूळ फुप्फुसात जाता कामा नये, म्हणून साधा कापडी मास्क नको, पी१०० दर्जाचा हवा. रेझिनच्या वासासाठी वाफ शोषणाऱ्या डब्या असलेला. डोळ्यांवर बंद चष्मा, आणि ही गोष्ट जिवावरची समजा: पॉलिएस्टरच्या हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तो ॲसिटोनजवळ ठेवू नका. उरलेलं रेझिन डब्यात गोळा करून कचऱ्यात टाकू नका. साठलेलं रेझिन सुकताना धूर येईपर्यंत तापतं.

घासण्याआधी मनगटांना आणि मानेला पावडर चोळा आणि नंतर गार पाण्यानं आंघोळ करा. गरम पाण्यानं नाही.

गाडी चालवताना फरक पडतो का?

पडतो, आणि सगळाच चांगला नाही. वळणावर पकड वाढते. पण चाक बाहेर गेलं की स्टिअरिंग जड होतं, २४०झेडला पॉवर स्टिअरिंग नाही. रस्त्यावरच्या चरांमध्ये गाडी इकडेतिकडे ओढते. बेअरिंगांवर भार वाढतो. सरळ रस्त्यावरचा वेग तर उलट कमीच होतो, अंग रुंद झालं ना. सफारी रॅली १९७१ आणि १९७३ मध्ये २४०झेडनं जिंकली, त्यातली १९७३ ची भारतीय वंशाच्या शेखर मेहतांनी. ते यश रुंदीचं नव्हतं, दणकटपणाचं होतं.

गाडीची किंमत पडते का?

मूळ रंगाची, न कापलेली, कमी चाललेली गाडी असेल तर हो, भरपूर पडते. जानेवारी २०२० मध्ये अशी एक १९७१ ची २४०झेड ऑनलाइन लिलावात ३,१०,००० डॉलरना गेली. १९७० मध्ये नवी गाडी अमेरिकेत ३,५२६ डॉलरना मिळत होती. तुमच्याकडे असली गाडी असेल तर कृपा करून करवतीला हात लावू नका. जिचा मागचा पत्रा आधीच गंजलाय किंवा पूर्वी कुणीतरी कापलाय, तीच गाडी फ्लेअरला योग्य.

कायद्याचं काय?

कॅलिफोर्नियात टायरवर आच्छादन असणं बंधनकारक आहे, म्हणजे फ्लेअर लावणं हे उघडं चाक बाहेर ठेवण्यापेक्षा कायद्याला जवळचं. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना तिथे धूर तपासणीही नाही. जपानमध्ये पक्के बसवलेले फ्लेअर गाडीची नोंदवलेली रुंदी २० मिमीपेक्षा जास्त बदलत असतील तर नव्यानं तपासणी करून नोंद बदलावी लागते. जर्मनीत फ्लेअर आणि चाकं दोन्ही तपासनिसाकडून कागदावर चढवून घ्यावी लागतात. तिथे जुन्या गाड्यांची 'एच' पाटी हवी असेल तर बदल त्या काळातला असल्याचं पटवावं लागतं, आणि तिथे १९७१ च्या झेडजीचा दाखला कामी येतो.

हेच काम पुण्या-मुंबईत एखाद्या जुन्या गाडीवर केलं तर?

तंत्र तेच, कायदा वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतल्या, म्हणजे उत्पादकानं दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणेच लावलं. रुंदी वाढली की आरटीओत प्रश्न येणारच.

गाडी पन्नास वर्षांवरची असेल तर आणखी एक गोष्ट. २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळू लागली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठी उलथापालथ झालेली नको. कमानी कापलेली गाडी घेऊन ती पाटी मागायला जाणं कठीण. तिथे करायचंच असेल तर सुटे होणारे, मूळ पत्रा न कापता लावलेले फ्लेअर आणि मूळच्या जवळची चाकं, एवढ्यावरच थांबा. आणि आरटीओकडून आधी लेखी विचारून घ्या.

फ्लेअर फुटपाथला लागून तडकला. नवा घ्यावा का?

गरज नाही. फ्लेअर उतरवा. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे पळणार नाही. मागच्या बाजूनं तड्याभोवती चार-पाच सेंटिमीटर रुंदीत उतार देत घासा आणि लहानावर मोठा असे मॅटचे तीन थर द्या. पुढून इंग्रजी व्हीसारखी खाच करून ती भरा. तडा स्क्रूच्या भोकातून गेला असेल तर भोक पूर्ण बुजवून नव्यानं पाडा. आणि तिथला पत्र्यातला रिव्हेट नट सैल झालाय का ते बघूनच फ्लेअर परत चढवा, कारण धक्का बसताना आधी तोच हललेला असतो.